फळीतला बाक

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा फळी वाकडी! शाळेच्या नव्या इमारतीची चाळीस दारं करायची आहेत, त्यातल्या नवव्या दाराची उभी पट्टी. गालाला लावली, डावा डोळा मिटला, उजव्यानं कडेवरून नजर सोडली — बरोबर मध्यावर उंचवटा. बेडूक गिळून पडलेल्या सापासारखा.

बारक्याला हाक मारली. हिचा धाकटा भाऊ म्हणून मीच त्याला कारखान्यात चिकटवला, करवत मशीनवर उभा केला, आणि आता तोच मला चारचौघांत खाली बघायला लावतोय. सहा फुटांचा बारक्या! समोर आला आणि मान खाजवत म्हणाला, "भाऊजी, मशीनची गाइड लावूनच कापलीय. एकदा लोखंडी पट्टी लावून बघा ना."

मी म्हटलं, "तीस वर्षं झाली या डोळ्याला. पट्टी तुम्ही लावा!" सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

इथे मला दोरी म्हणतात. दोरी ताणून बघा नाहीतर मला दाखवा, एकच. मालकसुद्धा गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट करून हेच सांगतात. मी तपासलेली फळी पुन्हा कुणी तपासत नाही.

उंचवटा रंध्यानं काढला. आठ-दहा हात मारले तेव्हा कुठे सरळ दिसली. दुसऱ्यानं घाण करायची, आपण निस्तरायची.

बुधवार, ६ मार्च

आणखी तीन पट्ट्या तशाच. डोळे शिणतात. मालकांना सांगून माझ्या टेबलावरची ट्यूब बदलून घेतली. फरक नाही.

शुक्रवार, ८ मार्च

शाळेवरून दोन दारं परत आली. बंद करून बघितली तर मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. लोखंडी पट्टी लावून दाखवली — दाराची उभी पट्टी मध्यात खरंच खोल होती. मी तर उंचवटे काढतोय आणि इथे खड्डा! म्हटलं, "कापच वेडावाकडा येतोय. कुठे फुगीर, कुठे खोल. मी किती म्हणून दुरुस्त करू?"

"मशीनवर बारक्याच ना?"

"हो."

मालक पुढे झुकले. मग हळूच, "पुन्हा सुरू झालं का त्याचं?"

त्याची दारू सुटून दोन वर्षं झाली. हे मालकांना माहीत आहे, मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "हात स्थिर वाटत नाही. आणि काल जरा... वास आल्यासारखा वाटला."

वास आला होता का? कारखान्यात वास कायमच असतो. पॉलिशच्या स्पिरिटचा. सगळ्यांच्याच कपड्यांना येतो. पण मला वाटलं होतं खरं. वाटलं ते सांगितलं. त्यात खोटं काय?

शनिवार, ९ मार्च

बारक्याला मशीनवरून काढलं. मालक म्हणाले, "एखादं बोट गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" आता तो कोपऱ्यात बसून पॉलिशपेपर घासतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

घरी हिला सांगणं भाग होतं. ही पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच टाकून उठली. बारक्याला फोन लावला. पलीकडून त्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता — "ताई, तुझी शपथ. एक थेंब नाही."

ही म्हणाली, "शपथ तर तेव्हाही घ्यायचास. आणि तुला खरंच आठवत नसायचं रे! आदल्या दिवशी काय केलंस ते दुसऱ्या दिवशी आम्ही तुला सांगायचो."

मग त्यानं फोन ठेवला. ही पदरानं डोळे पुसत पुन्हा लाटायला बसली. त्यानंतरची प्रत्येक पोळी वाकडी झाली. मी निमूट खाल्ल्या.

मंगळवार, १२ मार्च

मशीनवर नवा माणूस. चार ठिकाणी काम केलेला, अनुभवी. त्याची पहिलीच फळी — मध्ये उंचवटा!

मी म्हटलं, ब्लेड गेलं असेल. मालकांनी ब्लेड बदललं. दुसरी फळी — उंचवटा. मी म्हटलं, लाकूड ओलं आहे. नवा माणूस माझ्याकडे बघून नुसतं हसला. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला राग आला. मनात कुठेतरी भीतीही वाटली, पण कसली ते कळलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

लिहू की नको?

आज उजव्या डोळ्यात भुसा गेला. डोळा उघडेना. हातात पट्टी होती, काम खोळंबलेलं, म्हणून उजवा तसाच मिटून डाव्यानं नजर टाकली. सरळ! अगदी दोरी ताणल्यासारखी सरळ. बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी धड आली. डोळा धुऊन आलो आणि सवयीनं तीच पट्टी उजव्यानं बघितली. मध्यावर उंचवटा.

पुन्हा डाव्यानं — सरळ. पुन्हा उजव्यानं — बाक. कितीदा तरी केलं. पट्टी तीच, टेबल तेच.

मग लोखंडी पट्टी मागून घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा. नव्या माणसाच्या हातात होती, त्यानं दिली. लाकडाला लावली. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून प्रकाश कुठूनही येत नव्हता. फळी सरळ होती.

म्हणजे त्याही सरळच होत्या. बारक्यानं कापलेल्या सगळ्या. उंचवटा नव्हताच. नसलेला उंचवटा मी रंध्यानं काढला आणि चांगल्या फळीत खड्डा केला. मग तोच खड्डा मालकांना दाखवला.

शुक्रवार, १५ मार्च

दिवसभर हाच उद्योग. डावा डोळा झाकायचा आणि बघायचं. खिडकीचे गज — मधले दोन पोटात लाथ बसल्यासारखे वाकलेले. न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा — लाटा. या वहीच्या ओळी — मध्येच खाली घसरतात. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की सगळं जागच्या जागी. म्हणून इतके दिवस कळलं नाही. एका डोळ्यानं मी फक्त फळी बघतो.

दुखत नाही. लाल नाही. पाणी नाही. दुखत असतं तर कुणाला सांगितलं तरी असतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ — शाळेत या म्हणीचा अर्थ लिहून दहापैकी नऊ मिळवले होते मी! लाज वाटते. इतकी की आज कारखान्यात कोपऱ्याच्या बाजूला बघितलंच नाही.

रविवार, १७ मार्च

आज हिला सांगायचं ठरवलं होतं. भाजीला काय आणू, एवढंच विचारलं.

सोमवार, १८ मार्च

आता डाव्या डोळ्यानं काम करायचं ठरवलं. तर अडचण ही की मला उजवा डोळा एकटा मिटताच येत नाही! डावा मिटायची सवय, उजवा मिटायला गेलो की दोन्ही मिटतात. सकाळी आरशासमोर उभं राहून सराव केला. ही मागून आली. म्हणाली, "अहो, या वयात कुणाला डोळा मारायचा विचार आहे?" मी हसलो. तीही हसली. बारक्याचं झाल्यापासून पहिल्यांदाच हसली ती. आता सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तिचं हसू मोडवलं नाही, असं स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. माझी हिंमत झाली नाही.

शेवटी टोपी तिरकी घालून उजव्या डोळ्यावर ओढली. काम जमलं. संध्याकाळपर्यंत अकरा पट्ट्या, सगळ्या सरळ. मालक खूश. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा! बारक्याला हलवल्यापासून काम कसं सुधारलं!"

बारक्या तिथंच होता. हातातला पॉलिशपेपर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी पुढची पट्टी उचलली.

गुरुवार, २१ मार्च

दुपारच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानात गेलो. आपल्या गल्लीतल्या नाही, दोन गल्ल्या पलीकडच्या. चोराच्या मनात चांदणं! म्हटलं, नंबर लागला असेल, काच बदलली की झालं.

दुकानदार गोड माणूस. काचा घालून बघितल्या, काढून बघितल्या. डावा झाकून उजव्यानं वाचायला लावलं. मी म्हटलं, मधलं अक्षर खाल्लं आहे. त्यानं सगळ्या काचा काढून पेटीत ठेवल्या. "काका, हे चष्म्याचं काम नाही. हे आतल्या पडद्याचं असावं. डोळ्यांच्या दवाखान्यात जा. आजच जा."

"आज म्हणजे?"

"आज म्हणजे आज."

निघालो तेव्हा दवाखान्यातच जायचं असं ठरवून निघालो होतो. चौकापर्यंत गेलो. मग विचार आला — तिथे पहिला प्रश्न हाच असणार, कधीपासून? आणि मी जे सांगीन ते कागदावर उतरणार. तारखेसकट. तो कागद हिच्या हातात पडणार. ही काही अडाणी नाही, दिवस मोजायला तिला दोन क्षण लागतील. फळ्या कधी वाकड्या झाल्या, भावावर आळ कधी आला.

चौकातून कारखान्यात परत आलो. सुट्टी संपायला पाच मिनिटं बाकी होती. डोळा जाईल ही भीती आहेच. पण कागदाची भीती जास्त आहे. हे इथे लिहिताना माझे कान तापलेत.

रविवार, २४ मार्च

बारक्या घरी आला होता. हिनंच बोलावलं होतं. दारातच थांबवलं आणि म्हणाली, "हा कर."

सहा फुटांचा माणूस. केस पिकायला लागलेला. त्यानं वाकून बहिणीसमोर तोंड उघडलं आणि हा केलं. तिनं हुंगलं. "ये आत."

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर हातात होता. तोंड लपवायला पेपरासारखी वस्तू नाही.

जेवला. जायच्या वेळी माझ्याजवळ आला. "भाऊजी, एक विचारू? मी सकाळी कामावर येतो तेव्हा कसा दिसतो हो? ठीक दिसतो ना?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. कारखान्यातही हल्ली प्रत्येकाला विचारत सुटलाय म्हणे, माझ्या तोंडाला वास येतोय का बघ. मी म्हटलं, "ठीकच दिसतोस की." तो दारात वळला. "नक्की ना?" मी पुन्हा पेपर उचलला.

बुधवार, २७ मार्च

आता मध्यावर डागच बसलाय. करडा, बोट लावल्यासारखा. उजव्यानं हिच्याकडे बघितलं तर कान दिसतात, केस दिसतात, कुंकू आणि नाक गायब. टोपी खाली ओढूनही काम नीट होत नाही. आज पटाशी घसरून अंगठ्याला लागली.

घरी आल्यावर हिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घ्यायला गेलो आणि हात तांब्याच्या शेजारी मिटला. ती बघतच राहिली. "अंगठ्याचं काय ते नंतर. आधी डोळे दाखवा." मी म्हटलं, थकवा आहे. म्हणाली, "आठवडाभर टोपी तिरकी घालून फिरताय, मला काय नवी फॅशन वाटली? उद्या-परवा रजा टाका. मी येतेय बरोबर."

शुक्रवार, २९ मार्च

दवाखाना. डोळ्यात थेंब घालून तासभर बसवलं. शेजारी ही. मग डॉक्टरीणबाईंनी एक कागद समोर धरला. चौकोन चौकोन, मध्ये ठिपका. "डावा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"पाण्यात पडल्यासारख्या. ठिपका नाहीच."

मशीनवर हनुवटी टेकवून फोटो काढले. पडद्याखाली पाझर आहे म्हणाल्या. डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल, एक नाही, दर महिन्याला. पाझर थांबेल बहुतेक. गेलेली नजर किती परत येईल ते सांगता येत नाही.

मग तो प्रश्न आलाच. "कधीपासून?"

"असतील आठ-दहा दिवस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "काका, मला खरं लागतं. उपचार त्यावर ठरतो. रेघ वाकडी दिसायला लागली की त्याच आठवड्यात यायचं असतं, एकेक आठवडा मोलाचा असतो. पहिल्यांदा वाकडं काय दिसलं? आठवा."

ही माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे. म्हटलं, "फळी. महिना झाला. मार्चच्या सुरुवातीला. आधीपासूनही असेल." बाईंनी लिहून घेतलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता.

बाहेर आलो. थेंबांमुळे उजेड सहन होत नव्हता, हिनं हात धरला होता. रस्ता ओलांडेपर्यंत धरला होता. पलीकडे गेल्यावर सोडला.

"म्हणजे त्या फळ्या?"

"सरळ होत्या."

"आणि वास?"

"पॉलिशचा असेल."

"तुम्हाला कळलं कधी?"

"चौदा तारखेला."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसली. येणारे-जाणारे बघत होते. म्हणाली, "रविवारी मी त्याचं तोंड हुंगलं. तुमच्यासमोर. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला हुंगू दिलंत."

मी उभा होतो.

घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

सोमवार, १ एप्रिल

इंजेक्शन झालं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

मंगळवार, २ एप्रिल

डोळ्यावरची पट्टी काढली. मालकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "मिस्त्री, डोळा कुणाचाही जातो हो. पण त्या दिवशी तुम्ही वासाचं बोललात म्हणून मी त्याला मशीनवरून उठवला. फळीसाठी नाही." मग पुन्हा, "उद्यापासून तो मशीनवर. आणि इथून पुढे सगळे पट्टी लावतील. मीसुद्धा."

मी मान हलवली. बारक्या आज आला नव्हता. सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी बारक्याच्या खोलीवर गेलो. सगळं सांगितलं — डोळा, रंधा, खड्डे, वास, चौदा तारीख. काही लपवलं नाही. शिव्या देईल, हात उचलेल, अशी तयारी ठेवून गेलो होतो.

तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे मी घेतली नव्हती?"

मला कळेना. तो म्हणाला, "खड्डे मीही बघितले ना, भाऊजी. फळ्या माझ्याच हातच्या. तुमची नजर कधी चुकत नाही. वाटलं, घेत असणार मी. आणि आठवत नसणार. पूर्वीसारखं. महिनाभर रोज खोलीत बाटली शोधतोय."

मी म्हटलं, "नाही रे. एक थेंब नाही."

"परत सांगा."

परत सांगितलं.